आईबाबांची परीक्षा तुम्ही देऊ नका

हे वाचून काही जणांना राग येईल. येऊ दे. गेली कित्येक वर्षं मी अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि आपल्या लोकांना तपासणीच्या खोलीत रोज बघते.

आई खुर्चीत बसलेली असते. थेरपिस्ट विचारते, घरातलं काय काय करता? आणि उत्तर देता तुम्ही. "आम्ही तिला काही करूच देत नाही." आवाजात अभिमान. समोरची बाई लिहून घेते : स्वयंपाक करत नाही, कपडे धूत नाही. आईला जे जमतं आणि तुम्ही तिला जे करू देता, यातला फरक त्या कागदावर उतरतच नाही. सांगलीत एकटीने घर चालवणारी बाई दहा मिनिटांत परावलंबी होऊन बसते. नाहीतर याच्या अगदी उलट. "आंघोळ? हो, करते की स्वतः." अहो, घरी ती बादली घेऊन स्टुलावर बसते. तुमच्याकडच्या टबच्या काठावरून पाय टाकताना ती नळाला धरते, हे तुम्ही कधी पाहिलंय? दार बंद असतं. तिला विचारलं तर ती सांगेल, पण तिला विचारू द्याल तेव्हा ना.

मग तोल. हातांची घडी छातीवर घालून 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ते मोजतात. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाची बाई दहापेक्षा कमी वेळा उठली, तर पडण्याचा धोका धरतात. एकदा जरी हाताचा आधार घेऊन उठली, तर शून्य. दुसरी चाचणी : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तरी धोका. यात तुम्ही काय करता? "अगं, हळू, मी धरते ना," म्हणत तिचा दंड पकडता. नाहीतर लांबून ओरडता, "आई, भरभर चाल!" मग ते सेकंद कोणाचे? तिचे की तुमचे? आणि एक, तिला घरात घालते त्या चपला घालून चालू द्या. खास तपासणीसाठी घेतलेले नवे कोरे बूट नकोत.

आता स्मरणशक्ती, आणि इथे मला खरंच संताप येतो. चालताना डोकंही वापरावं लागतं, म्हणून आम्ही ते तपासतो. बोलायला लागलं की ज्यांना चालता चालता थांबावं लागतं, ते म्हातारे लोक जास्त पडतात, हे स्वीडनमधल्या अभ्यासातून 1997 मध्येच पुढे आलं. म्हणून चालताना उलटे आकडे मोजायला सांगतात, बसवून शंभरातून सात सात वजा करायला लावतात. माझ्यासमोर एक आजी होत्या. पावकी, निमकी पाठ असलेल्या पिढीतल्या. दुभाषा कोण, तर बारा वर्षांचा नातू. आजी म्हणाल्या, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. नातवाने इंग्रजीत सांगितलं, नाईन्टी थ्री, एटी सिक्स, एटी नाइन. चूक आजींची नव्हती. मराठी आकडे न शिकलेल्या पोराचीही नव्हती. त्या दिवशी समोर मी होते म्हणून निभावलं. दुसरी कोणी असती, तर मार्क आजींचे गेले असते.

"पण आईला हिंदी येतं की!" सिरियल बघण्यापुरतं येतं. एकोणऐंशीला हिंदीत काय म्हणतात, ते तुम्ही तरी न अडखळता सांगाल का? 1975 पासून चालत आलेल्या एमएमएसईमध्ये तर आपण कोणत्या काउंटीत आहोत, हेही विचारतात. पंधरा दिवसांपूर्वी विमानातून उतरलेल्या, आज एकादशी आहे हे पक्कं माहीत असलेल्या बाईला तुमची काउंटी कशी ठाऊक असणार? आणि जेटलॅग उतरायच्या आत, चष्मा घरी विसरून, कानातलं मशीन पर्समध्ये ठेवून ही परीक्षा द्यायला नेऊच नका.

आता माझं सांगते, नाहीतर म्हणाल, हिला काय जातंय बोलायला.

तीन वर्षांपूर्वी माझे वडील इथे आले होते. पाय घसरला म्हणून एका क्लिनिकमध्ये नेलं. दुभाषी मीच. मला सगळ्या चाचण्या पाठ, म्हणजे मी तर जास्तच सावध असायला हवं होतं. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते. बाबा तिसऱ्यावर अडले. मी म्हटलं, "बाबा, आठवा की, आत्ताच तर म्हणालात." घड्याळ काढताना त्यांचा हात थांबला, तर माझी नजर नको तिथे गेली आणि त्यांनी ती बरोबर वाचली. तीसपैकी सत्तावीस. त्या चाचणीत सव्वीसच्या पुढे ठीक समजतात. गाडीत आम्ही दोघंही खूश. त्यातले किती मार्क बाबांचे होते आणि किती माझे, ते दीड महिन्याने कळलं. रोजच्या फेरीला गेलेले बाबा संध्याकाळी घरी आले नाहीत. दोन मैलांवर, हमरस्त्याच्या कडेला सापडले, थंडीत, एका पायात चप्पल नव्हती. दीड महिन्याचे उपचार मी माझ्या प्रेमापोटी घालवले.

पुढच्या वेळी फोनवर मराठी दुभाषा होता आणि मी बाहेर बसले. एकोणीस आले. खूप रडले मी. पण त्यानंतर कुठे नीट सुरुवात झाली. औषधं तपासली गेली, चालण्याचे व्यायाम बदलले आणि बाबांनी स्वतः सांगितलं की त्यांना देवापुढे मांडी घालून बसता यायला हवं आणि कोणी हात न देता उठता यायला हवं. मी असताना हे ते कधीच बोलले नव्हते.

अमेरिकेत ज्या दवाखान्याला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, मेडिकेअर, मेडिकेड घेणारे जवळजवळ सगळेच त्यात आले, त्यांना दुभाषा फुकट द्यावा लागतो. "तुमचा माणूस घेऊन या" असं ते सांगू शकत नाहीत. आणीबाणी सोडली तर लहान मुलांना दुभाषा करायला मनाई आहे. इंग्लंडमध्येही एनएचएसकडे मागता येतो. "कशाला त्यांना त्रास?" हे आपलं ठरलेलं वाक्य कृपया इथे नको. त्रास त्यांना नाही, फोन लावायला दोन मिनिटं लागतात.

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, त्या दिवशी नव्हे. रिसेप्शनवरची मुलगी "इंडियन ना?" म्हणून हिंदी लिहून टाकेल. तिला मराठीचं स्पेलिंग सांगा आणि तिने काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावा.