जाकीट श्वास घेतं म्हणे!

मंडळी, पाऊस सरला की मुंबईत शिडाच्या होड्यांचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या घराण्यातल्या तरुण पिढीला एकच प्रश्न पडतो: "काका, ब्रीदेबल जाकीट कुठलं घेऊ?" मग इंग्लंडातले भाऊबंद ब्रँडची नावं पाठवतात. त्यांचा सल्ला त्यांच्या समुद्रासाठी शंभर टक्के बरोबर आहे. आपल्यासाठी तो साफ चूक आहे, हे आज एकदाचं सांगून टाकतो.

"हे कापड श्वास घेतं" हे वाक्यच मुळात लबाड. कापड श्वासबिस काही घेत नाही. त्यातल्या पातळ पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते, ती फक्त आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच. घामेजलेल्या अंगाजवळ, ३४ अंशांना, हा दाब साधारण ५.३ किलोपास्कल असतो. इंग्लंडच्या १२ अंशांच्या दमट हवेत तो जेमतेम १.१. म्हणजे फरक ४.२ चा. आता आपली ३२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची दुपार घ्या. बाहेरचाच दाब ३.३! उरला फरक २ चा. जाकीट तेच, किंमत तीच, काम निम्म्याहून कमी. वर घाम दुप्पट, तो वेगळाच.

लेबलावर मात्र हे कुठेच नसतं. तिथे "२०,००० मिलिमीटर" असं छापलेलं असतं. म्हणजे वीस मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलेल इतकं जलरोधक. वा! पण आपल्याकडे होड्या चालतात त्या ऑक्टोबर ते मे, म्हणजे पाऊस नसताना. अंगावर येतात ते लाटांचे शिंतोडे. त्यासाठी वीस मीटर? आणि दर चौरस मीटरमागे दिवसाला इतके ग्रॅम वाफ जाते, हा दुसरा आकडा. तो मोजायच्या पद्धती अनेक, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही.

शिवाय खारं पाणी. मीठ कापडात बसतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. थेंब निथळावेत म्हणून वरून दिलेला लेप झिजला की बाहेरचं कापड भिजतं आणि वाफेची वाट अडते. दर खेपेनंतर गोड्या पाण्यानं धुणार आहात का? खरं सांगा!

आपल्या कोकणातल्या शेतकऱ्यानं हा प्रश्न कधीच सोडवला होता. इरलं आठवा. डोक्यावर-पाठीवर छप्पर, खालून-पुढून मोकळं. वारा आत खेळतो. वाफ घालवायची तर वाऱ्यासारखं दुसरं काही नाही.

तुम्ही म्हणाल, मग नौदलाचे दर्यावर्दी वेडे का? मुळीच नाही. २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदे किंवा २०१७-१८ मध्ये 'तारिणी'तून गेलेल्या सहाजणी दक्षिण महासागरात उतरल्या होत्या. तिथे थंडीत दिवसच्या दिवस ओलं राहणं जिवावर बेतू शकतं. तिथे उत्तम जाकीट हवंच. पण हेही लक्षात घ्या: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'तून न थांबता जग फिरून आले ते एप्रिल १९६९ मध्ये. गोर-टेक्सचा पडदा ज्यापासून बनतो तो ताणलेला टेफ्लॉन बॉब गोर यांना सापडला त्याच वर्षी, पण त्यानंतर. आणि आपण गेटवेसमोर दोन तास फिरायला त्याच्याशिवाय अडून बसायचं?

तेव्हा घ्यायचं काय? लांब बाह्यांचा, पटकन वाळणारा, उन्हापासून वाचवणारा शर्ट. दोरी लावलेली टोपी. पहाटेच्या वाऱ्यासाठी साधं, पातळ, गळ्याशी उघडणारं जर्किन. उरलेले पैसे नीट मापाच्या लाइफ जॅकेटवर घाला. ते श्वास घेत नाही, पण तुमचा चालू ठेवतं. आणि जाकिटात उकडतं म्हणून लोक आधी तेच काढून ठेवतात, हा माझा खरा राग आहे.

असो. पटलं नाही तर भांडायला या, चहा टाकतो. जाकीट मात्र बाहेर काढून ठेवा. :)