वंशावळीला पंचांग समजू नका

हजरत आदम (अलै.) यांना होऊन किती वर्षे झाली? हा प्रश्न वर्गात मुले हमखास विचारतात. इतिहासाच्या पुस्तकात अश्मयुग लाखो वर्षांपूर्वी सुरू होते. घरात मात्र कुणा वडीलधाऱ्याने किंवा मोबाइलवरच्या एखाद्या तकरीरने सांगितलेले असते की दुनियेला सहा-सात हजार वर्षे झाली. मग मूल परीक्षेत एक उत्तर लिहिते आणि मनात दुसरे ठेवते. पुढे मोठे झाल्यावर त्या दोनपैकी एक गोष्ट ते कायमची टाकून देते. कधी ती गोष्ट विज्ञान असते, कधी दीन. म्हणून हा आकडा आला कुठून, हे एकदा नीट पाहायला हवे.

कुरआनात हा आकडा कुठेच नाही. तो तौरातमधल्या वंशावळींची बेरीज करून काढलेला आहे. ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या पाचव्या आणि अकराव्या अध्यायात अमुक माणूस इतक्या वर्षांचा असताना त्याला अमुक मुलगा झाला, त्यानंतर तो इतकी वर्षे जगला, अशी साखळी दिली आहे. मुलगा झाला तेव्हाची बापाची वये एकापुढे एक मिळवत गेले की आदमपासून तूफानापर्यंत १६५६ वर्षे होतात. अशीच बेरीज पुढे नेऊन आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली जाहीर केले की जगाची निर्मिती इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाली. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात हे सन छापले जाऊ लागले आणि लोकांना ते मूळ ग्रंथाचाच भाग वाटू लागले.

अडचण अशी की १६५६ हा आकडा फक्त हिब्रू प्रतीचा आहे. नाबलूसजवळच्या गरिझीम पर्वताला पवित्र मानणाऱ्या समारितन लोकांकडे तौरातची स्वतःची प्रत आहे. तिच्यात आदमपासून तूफानापर्यंत १३०७ वर्षे होतात. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झालेल्या ग्रीक भाषांतरात हीच बेरीज २२४२ होते. ग्रंथ एकच, प्रती तीन, आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्यात नऊशेहून अधिक वर्षांचा फरक.

हा फरक नक्कल करणाऱ्याच्या चुकीने पडलेला दिसत नाही. हिब्रू प्रतीत शीस (अलै.) जन्मले तेव्हा आदम (अलै.) १३० वर्षांचे आहेत आणि त्यानंतर ते ८०० वर्षे जगतात. ग्रीक प्रतीत जन्माच्या वेळी ते २३० वर्षांचे आहेत आणि पुढे ७०० वर्षे जगतात. एकूण वय दोन्हीकडे ९३० च आहे. एका बाजूची १०० वर्षे काढून दुसऱ्या बाजूला ठेवली आहेत, आणि हे पुढच्या अनेक नावांच्या बाबतीतही झाले आहे. जुन्या ग्रीक प्रतींत तर नूह (अलै.) यांचे आजोबा मथुशलह तूफान संपल्यावरही १४ वर्षे जिवंत राहतात, आणि नौकेत मात्र ते नव्हते. संत ऑगस्टीन यांनाही या कोड्याची चर्चा करावी लागली होती. याउलट समारितन प्रतीत तीन पूर्वज बरोबर तूफानाच्याच वर्षी मरण पावतात. आकडे कुणीतरी बसवले आहेत, हे गणितच सांगते.

मग हा ग्रंथ खोटा ठरवून बाजूला ठेवायचा का? मला तसे वाटत नाही. आधी विचारायला हवे की ही वंशावळ कशासाठी लिहिली होती.

हिब्रूतला ‘बेन’ आणि अरबीतला ‘इब्न’ हे सख्खे शब्द आहेत. दोन्हींचा अर्थ मुलगा, पण वापर मुलग्यापुरता नाही. इब्न खल्दून यांच्या वडिलांचे नाव खल्दून नव्हते, मुहम्मद होते. खल्दून हा कित्येक पिढ्यांमागचा पूर्वज. इब्न सीना, इब्न हज्म यांचेही तसेच. आपण सगळे बनी आदम आहोत, म्हणजे आदम आपले वडील झाले का? तौरात आणि तिच्यासोबतच्या ग्रंथांतही हेच चालते. ‘एज्रा’ या ग्रंथात एज्राची वंशावळ दिली आहे. तीच वंशावळ ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाशी ताडून पाहिली तर मध्येच सलग सहा नावे गाळलेली दिसतात. लिहिणाऱ्याला ती ठाऊक नव्हती असे नाही. एज्रा हे हारून (अलै.) यांच्या घराण्यातले पुरोहित आहेत एवढे सिद्ध करायचे होते, आणि त्याला ती नावे लागत नव्हती.

मूसा (अलै.) यांचे उदाहरण तर फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. ‘निर्गम’ ग्रंथात मूसांचे वडील अम्राम, त्यांचे वडील कहाथ, त्यांचे वडील लेवी, अशी साखळी आहे. कहाथ याकूब (अलै.) यांच्याबरोबर मिस्रमध्ये आले होते. कहाथ १३३ वर्षे जगले, अम्राम १३७, आणि मिस्र सोडताना मूसा ८० वर्षांचे होते. प्रत्येकाला आयुष्याच्या अगदी शेवटच्या वर्षी मुलगा झाला असे धरले तरी बेरीज ३५० होते. हिब्रू प्रत मात्र मिस्रमधला मुक्काम ४३० वर्षांचा सांगते. याच काळात युसुफ (अलै.) यांच्यापासून यूशा यांच्यापर्यंत ‘पहिला इतिहास’ दहाच्या आसपास पिढ्या मोजतो. एका घराण्याच्या चार पिढ्या आणि दुसऱ्याच्या दहा. उघड आहे की पहिल्या साखळीत फक्त ठळक नावे ठेवली आहेत.

दहाव्या अध्यायात गोष्ट आणखी स्पष्ट होते. तिथे कनानला जी ‘मुले’ झाली त्यांत सीदोन आहे, जे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे शहर आहे. यबूसी आणि अमोरी आहेत, ज्या जमाती आहेत. हामच्या मुलांत मिस्राईम आहे, म्हणजे साक्षात मिस्र देश. वंशावळीच्या भाषेत इथे भूगोल सांगितला आहे. हाच ग्रंथ मानणारे आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, ते पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी आडनावे लावतात. गाव घराण्याचे नाव बनते, हे कोकणी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आदमपासून नूहपर्यंत दहा नावे, सामपासून इब्राहीम (अलै.) यांच्यापर्यंत पुन्हा दहा. ही मोजदाद लक्षात राहण्यासाठी, पाठ म्हणण्यासाठी आहे. त्या काळच्या इराकमध्येही अशा याद्या होत्या. सुमेरी राजांच्या यादीतला पहिला राजा २८,८०० वर्षे राज्य करतो, आणि महापुरानंतर राजांच्या कारकिर्दी लहान होत जातात. मोठा आकडा म्हणजे मोठा मान आणि फार जुना काळ, ही त्या प्रदेशाची बोली होती. तौरातने त्या बोलीत एक वेगळी गोष्ट सांगितली: राजांच्या जागी साधी माणसे आली आणि सगळ्यांचा बाप एकच ठरला.

हा अर्थ बाहेरच्यांनी लादलेला नाही. इटलीतील मांतुआ येथे १५७३ पासून अझर्या दे रोस्सी या ज्यू विद्वानाने आपल्याच परंपरेच्या कालगणनेवर प्रश्न विचारले, आणि काही रब्बींचा रोष ओढवून घेतला. ती परंपरा यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराचा काळ ४२० वर्षांचा धरते. इतिहासकारांच्या हिशोबाने तो ५८० वर्षांहून अधिक आहे. १८९० साली प्रिन्स्टनचे विल्यम हेन्री ग्रीन या बायबलवर पूर्ण श्रद्धा असलेल्या पंडितांनी लिहिले की इब्राहीमपूर्वीच्या वंशावळींतून काळ मोजताच येत नाही, कारण त्या त्यासाठी लिहिलेल्याच नाहीत.

आता आपल्याकडे वळू. तौरातमधले हे फरक दाखवून टाळ्या मिळवणारे वक्ते आपल्याकडे कमी नाहीत. तहरीफचा पुरावा म्हणून ते हे आकडे फेकतात. पण त्याच आकड्यांवर आपल्या बुजुर्गांनीही घरे बांधली आहेत. इमाम तबरी यांनी जगाचे एकूण वय ७००० वर्षे धरले. सीरतच्या ग्रंथात प्रेषित मुहम्मद (स.) यांची वंशावळ आदमपर्यंत जाते, आणि तिचा वरचा भाग तौरातच्याच साखळीचा आहे. खात्रीची वंशावळ अदनानपर्यंतच आहे, हे आपले उलमाही मान्य करतात. दुसऱ्याच्या घराला दगड मारताना आपली भिंतही तीच आहे हे पाहायला नको का?

आपल्याकडे याहून चांगली वाट आहे. अल-बिरूनी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास तौरातच्या तिन्ही प्रतींतला फरक मांडला आणि त्यातून खात्रीचा काळ हाती येत नाही हे दाखवले. इब्न खल्दून यांनी मुकद्दमामध्ये विचारले की याकूब आणि मूसा यांच्यात चारच पिढ्या असतील, तर सहा लाख सैनिक झाले कसे? दोघांनीही चेष्टा केली नाही. त्यांनी हिशोब केला.

कुणी म्हणेल, नूह (अलै.) यांची ९५० वर्षे कुरआनातही आहेत. आहेत. पण तो आकडा कुठल्या साखळीत गुंफलेला नाही, त्यावरून जगाचे वय निघत नाही. तो येतो एका प्रेषिताचा सब्र सांगायला. आद आणि समूद यांचा उल्लेख करताना कुरआन म्हणतो की त्यांच्या दरम्यान आणखी पुष्कळ पिढ्या होऊन गेल्या. किती, ते सांगत नाही. फिरऔनने आधीच्या पिढ्यांबद्दल विचारले तेव्हा मूसा (अलै.) यांनी ते ज्ञान आपल्या रबकडे आहे असे उत्तर दिले. त्यांनी बेरीज करून दाखवली नाही.

तुर्कस्तानातल्या उर्फा शहराला तिथले मुसलमान इब्राहीम (अलै.) यांचे जन्मगाव मानतात. त्या शहराजवळच गोबेक्ली तेपे येथे माणसांनी कोरलेले दगडी खांब उभे आहेत, सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे. अशरचा सन धरला तर हे खांब आदमच्याही आधीचे ठरतात. मुलांना ते खांब नाकारायला शिकवायचे की आदमला? माझ्या मते दोन्ही नाही. त्यांना एवढेच शिकवावे की वंशावळ ‘आपण कोणाचे’ हे सांगते, ‘केव्हाचे’ ते जमीन खोदणारे सांगतील. आणि आपण कोणाचे, याचे उत्तर तौरात आणि कुरआन या दोन्हींत एकच आहे. ते नीट ऐकले असते तर जात, बिरादरी आणि खानदानाच्या नावाने आपण एकमेकांशी जसे वागतो तसे वागलो नसतो.