घुमटाची भट्टी : सिमेंट नको, माती हवी



मलकापूर कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर. रस्त्याकाठी जागा असेल तर पाव, नानकटाई, पिझ्झा भाजून विकण्याचा जोडधंदा जमू शकतो. त्यासाठी घुमटाची भट्टी घरीच बांधता येते. गोव्यातले पोदेर पिढ्यान्‌पिढ्या अशाच लाकडाच्या भट्टीत पाव भाजत आले आहेत.

मात्र घुमटाला सिमेंट वापरू नका. 300 अंशांपुढे सिमेंटची ताकद घटू लागते, आणि पिझ्झाची भट्टी 400 अंशांपर्यंत तापते. शेतातली काळी मातीही नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंभाराची चिकण माती एक भाग आणि चाळलेली वाळू दोन ते तीन भाग घेऊन तुडवा. मूठभर गोळा छातीच्या उंचीवरून टाकून पाहा. चपटा झाला तर पाणी जास्त, फुटला तर कमी.

काळ्या रानात पाया मुरमापर्यंत न्या. त्यावर दगडी ओटा करून वाळूच्या थरावर भाजक्या विटा नुसत्या मांडा, सांधे भरू नका. पुढे एखादी वीट फुटली तर तेवढीच बदलता येते. ओल्या वाळूचा 16 इंच उंच ढीग रचा, वर ओले वर्तमानपत्र पसरा आणि मातीचा 4 इंच थर द्या. माती आवळली की तोंड कापून वाळू काढा. तोंडाची उंची 10 इंच ठेवा. आतील उंचीच्या सुमारे 63 टक्के तोंड असले की धूर बाहेर पडतो आणि आच आत राहते. बाहेरून भुसा कालवलेल्या मातीचा थर द्या.

पंधरा दिवस सावलीत वाळू द्या. मग आठवडाभर रोज थोडा थोडाच जाळ करा. पहिल्याच दिवशी भडका केला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन घुमट फुटतो.

केसासारख्या भेगांची काळजी नको. बोट जाईल एवढी भेग पडली तर भट्टी गार होऊ द्या, भेग खरवडून ओली करा आणि त्याच मिश्रणाने दाबून भरा. पावसाळ्यापूर्वी वर पत्र्याचे छप्पर हवेच. भिजलेली माती ढासळते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कडब्याची गंजी, उसाचे पाचट आणि जनावरांचा गोठा यांपासून भट्टी लांब, वाऱ्याची दिशा पाहून बांधा. जवळ पाण्याचे पिंप भरलेले ठेवा. एका ठिणगीने वर्षाची वैरण जाते, मग पावाचा नफा कशाला पुरणार?