मोतीबिंदू पिकायची वाट कशाला पाहता?

तलासरी तालुक्यातलं वेवजी असो की डहाणूकडचा एखादा पाडा, म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की घरात एकच सल्ला मिळतो: "अजून कच्चा आहे, पिकू दे, मग काढू." या सल्ल्याला अडाणीपणा म्हणून हिणवणं मला मान्य नाही. एके काळी तो डॉक्टरच देत. तेव्हा अख्खं भिंग डोळ्यातून काढावं लागे. मोठी चीर, टाके, कित्येक दिवस अंथरुणात आणि पुढे जन्मभर जाड भिंगांचा चष्मा. एवढं सोसायचं तर नजर पुरती जाईपर्यंत थांबण्यात शहाणपण होतं.

आज ते कारण उरलेलं नाही. 1949 साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची रीत आणली. शस्त्रक्रिया पार बदलली, सल्ला मात्र तोच राहिला, आणि आता तो उलट नुकसान करतो. फार दिवस राहिलेला मोतीबिंदू कडक होतो, त्यामुळे काढायला अवघड जातो. कधी फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतो, दाब चढतो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो. वेळेत इलाज झाला नाही तर मागची नस सुकते. नस सुकून गेलेली नजर कुठल्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही.

दुसरा समज थेंबांचा. भिंगातली प्रथिनं बदलून ते गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. ते पुन्हा स्वच्छ करणारे थेंब आजवर निघालेले नाहीत. मध, एरंडेल, झाडपाल्याचा रस घालून फक्त डोळ्याच्या बुबुळाला जखम व्हायची भीती. लेसरचंही तसंच. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागचा पडदा धुरकटला तर तो लेसरने मोकळा करतात. ते ऐकून लोक समजतात की मोतीबिंदूच लेसरने जळून जातो.

एक खूण मात्र घराघरात चुकीची वाचली जाते. वर्षानुवर्षं चष्म्याशिवाय तांदळातला खडा न दिसणारी आजी एके दिवशी चष्मा बाजूला ठेवून सुई ओवते, आणि घरचे म्हणतात, नजर सुधारली. भिंगाचा गाभा घट्ट झाल्यामुळे जवळचं तात्पुरतं दिसू लागलेलं असतं. त्याच आजीला लांबचा माणूस ओळखू येत नाही, आणि संध्याकाळी महामार्ग ओलांडताना ट्रकच्या दिव्यांनी तिचे डोळे दिपतात. ही सुधारणा नव्हे, मोतीबिंदूच आहे.

"या वयात कशाला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो बहुतेक बायकांच्या बाबतीत विचारला जातो. बांधावरून चालणं, चुलीपाशी बसणं, नातवाला सांभाळणं याला नजर लागत नाही का? 2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात 66.2 टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. म्हणजे दर तीन अंधांतले जवळपास दोघं बऱ्या होणाऱ्या आजारापायी आंधळे राहिले आहेत.

शिबिरात शस्त्रक्रिया केली तर डोळा जाईल, या भीतीला मात्र आधार आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये बिहारच्या मुझफ्फरपुरात शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊन अनेकांचे डोळे काढावे लागले. त्यातून घ्यायचा धडा मात्र वेगळा आहे: तपासणी शिबिरात होऊ द्या, शस्त्रक्रिया निर्जंतुक थिएटर असलेल्या रुग्णालयातच करा. आधी रक्तदाब आणि साखर तपासलेली हवी, बसवायच्या भिंगाचा नंबर डोळा मोजून काढलेला हवा.

पद्धतीवरून उगाच धास्ती घेऊ नका. ध्वनिलहरींच्या पद्धतीत, म्हणजे फेकोत, चीर तीन मिलिमीटरच्या आत असते. लहान चिरेच्या हाताने करायच्या शस्त्रक्रियेत ती सहा-सात मिलिमीटरची, पण बहुधा टाक्याशिवाय मिटणारी असते. कडक मोतीबिंदूला ही दुसरी पद्धत उत्तम आहे, स्वस्तही आहे. गरिबांसाठीची म्हणून तिला कमी लेखणं चूक. भिंगाचंही तसंच: साध्या एकनंबरी भिंगाने लांबचं स्वच्छ दिसतं, जवळच्या कामाला चष्मा लागतो. महागडं बहुनंबरी भिंग न परवडल्याने कुणाचं फारसं अडत नाही, शिवाय त्यात रात्री दिव्यांभोवती वलयं दिसण्याचा त्रास होऊ शकतो.

शस्त्रक्रिया कधी करायची, हे मोतीबिंदूच्या रंगावरून किंवा ऋतूवरून ठरवू नये. रोजचं काम अडू लागलं की वेळ झाली. वेवजीला लागूनच गुजरातची हद्द आहे, आणि डोळ्यासाठी माणसं दोन्हीकडे जातात. कुठेही जा, पण नंतरचे थेंब वेळच्या वेळी घाला, डोळा चोळू नका, त्यात पाणी जाऊ देऊ नका. डोळा दुखून नजर अंधुक झाली तर सकाळपर्यंतही थांबू नका.

घरात कुणी चाचपडत चालत असेल, तर गावातल्या आशा कार्यकर्तीला सांगा आणि याच आठवड्यात त्या माणसाला तपासणीला घेऊन जा.