बांधाची रेषा कोणाच्या बाजूने चालते?

जमिनीच्या नोंदी एकदा संगणकावर गेल्या की बांधावरचे तंटे मिटतील, असे आश्वासन सरकारी पत्रकांतून आणि सल्लागारांच्या व्याख्यानांतून वर्षानुवर्षे दिले जात आहे. केंद्र सरकारचा भूमि अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये गावठाणांच्या ड्रोन-मोजणीची ‘स्वामित्व’ योजना आली. नकाशा कोणत्या साधनाने काढला जातो आणि त्या साधनाच्या पोटात रेषेचे काय होते, हा प्रश्न मात्र डाव्या चळवळीने क्वचितच विचारला. ‘तांत्रिक बाब’ म्हणून तो कारकुनांच्या आणि कंत्राटदारांच्या हवाली करण्यात आला. ज्यांचे राजकारण जमिनीवर उभे आहे त्यांना हे दुर्लक्ष शोभणारे नाही.

प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. पेन्सिलीने मारलेल्या रेघेला आदि-अंत नसतो. संगणकावर काढलेल्या रेषेला मात्र आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू असतो, म्हणजेच दिशा असते. आरेखकाने पश्चिमेकडून पूर्वेकडे रेषा ओढली तर सॉफ्टवेअर तिच्यावर, समजा, ‘उत्तर ७२ अंश पूर्व’ असे बेअरिंग छापते. तीच रेषा उलट ओढली तर ‘दक्षिण ७२ अंश पश्चिम’. दोन्ही लेबले खरी आहेत. तेव्हा दिशा ही आरेखकाच्या सोयीची गोष्ट, तिच्यात मालकी हक्काचा काय संबंध, असे या क्षेत्रातील शहाणे विचारतात.

संबंध आहे. चार दिशांच्या चतुर्थांशांत बेअरिंग लिहिण्याची ही पद्धत अमेरिकेत आजही रूढ आहे. तेथील पूर्वेकडच्या जुन्या राज्यांत आणि टेक्सासात खरेदीखतातच हद्दीचे वर्णन चालत्या क्रमाने लिहिलेले असते: अमुक दगडापासून निघावे, अमुक दिशेने इतके फूट जावे, तेथून वळावे, आणि शेवटी निघाल्या ठिकाणी परत यावे. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चालले तर आपली जमीन सतत उजव्या हाताला राहते. आता दोन शेतांमधला सामायिक बांध घ्या. एका धन्याच्या खतात तो बांध पूर्वेकडे चालत जातो, शेजाऱ्याच्या खतात तोच पश्चिमेकडे चालत येतो. नकाशावर रेषा एकच, आणि तिला दिशाही एकच. म्हणजे कोणतेही लेबल छापले तरी दोघांपैकी एकाचे खत उलटे वाचावे लागणार.

म्हणूनच अशा सॉफ्टवेअरमध्ये दिशा उलटविण्याची सोय ठेवलेली असते, आणि ती योग्यच आहे. घोटाळा होतो तो येथून पुढे. रेषा स्वतः उलटविणे वेगळे आणि केवळ तिच्यावरचे लेबल उलटविणे वेगळे. केवळ लेबल फिरविले तर नकाशा एक दिशा सांगतो आणि त्याच रेषेवरून निघणारा हिशोबाचा तक्ता दुसरी. ऑटोकॅडमध्ये वर्तुळखंड नेहमी घड्याळाच्या उलट दिशेनेच साठविला जातो. ओढ्याच्या किंवा रस्त्याच्या वळणाची दिशा सरळ रेषेप्रमाणे उलटवून मिळत नाही. घाईतला आरेखक मग लेबल फोडून त्याचा साधा मजकूर करतो आणि अक्षरे हाताने बदलतो. त्या क्षणी रेषा आणि आकडा यांचे नाते तुटते. पुढे रेषा हलली तरी आकडा जागचा हलत नाही.

हाताने केलेल्या बदलाची किंमत आकड्यांत पाहावी. शंभर मीटर लांबीच्या या रेषेच्या दुसऱ्या टोकावरून ‘दक्षिण ७२ पश्चिम’ या दिशेने चालणारा माणूस मूळ दगडावर परत येतो. आरेखकाने पूर्वेचे पश्चिम केले पण उत्तर बदलायचे विसरला, तर तोच माणूस मूळ दगडापासून सुमारे ६२ मीटर दूर पोहोचेल. उत्तरेचे दक्षिण केले आणि पूर्व तशीच राहिली, तर सुमारे १९० मीटर. आणि एवढे होऊनही क्षेत्रफळ बरोबर येते! कारण क्षेत्रफळ रेषांच्या बिंदूंवरून निघते, लेबलांवरून नाही. कचेरीत क्षेत्रफळ जुळले की कागद पुढे सरकतो. अमेरिकी न्यायालयांचा सर्वसाधारण दंडक नेमका उलट आहे: वर्णनात विसंगती आली तर जमिनीवरच्या खुणा प्रथम, मग दिशा व अंतर, आणि क्षेत्रफळ सर्वांत शेवटी.

हे अमेरिकेचे झाले, महाराष्ट्राचे काय, असे कोणी म्हणेल. येथील इतिहास बोलका आहे. रिकार्डोच्या खंड-सिद्धान्तावर विसंबून प्रिंगल यांनी १८३० च्या सुमारास पुणे भागात केलेली आकारणी शास्त्राच्या नावाखाली शेतकऱ्याच्या बोकांडी बसली, आणि कित्येकांनी जमिनी टाकून दिल्या. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरात नव्याने सुरुवात करावी लागली. त्या परंपरेतील टिपण हे ३३ फुटी साखळी आणि तिचे सोळा आणे यांच्या मापांवर उभे आहे. परकी सत्तेचे ते साधन होते, हे खरेच. तथापि साखळी बांधावर पसरली जात असे आणि दोन्ही शेजारी ती डोळ्यांनी पाहत असत. आज तेच टिपण संगणकात भरताना रेषेला दिशा मिळते ती भरणाऱ्याच्या हाताच्या ओघाने. ती पाहायला बांधावर कोणी नसते.

शिवाय साधन कोणाचे, हा अर्थशास्त्राचा प्रश्न उरतोच. ऑटोकॅड बनविणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ साली कायमच्या परवान्यांची नवी विक्री थांबविली. तेव्हापासून नव्या ग्राहकाला तिची साधने मुदतीच्या भाड्यानेच घ्यावी लागतात. जमिनीचा खंड मोजणारे यंत्रच खंडावर गेले, हे रिकार्डोलाही सुचले नसते. अशा साधनात काढलेला नकाशा दुसऱ्या प्रणालीत उघडला तर पुष्कळदा रेषा दिसतात, पण रेषा व लेबल यांचे जिवंत नाते उरत नाही. तेलंगणात २०२० साली सुरू झालेल्या ‘धरणी’ या जमीन-नोंदींच्या व्यवस्थेचे तांत्रिक चालकत्व खासगी कंपनीकडे होते; ते २०२४ च्या अखेरीस सरकारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे आणावे लागले. जे शेवटी करावे लागले ते आरंभीच का केले नाही?

याचा अर्थ संगणक फेकून द्यावा असा नव्हे. आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी १९६० च्या दशकात संगणकाला विरोध केला, त्यामागे नोकऱ्यांची रास्त चिंता होती. येथे यंत्र आवश्यकच आहे. हरकत आहे ती त्याच्या बंदिस्तपणाला. ‘क्यूजीआयएस’सारखे मुक्त सॉफ्टवेअर आहे, तेही रेषेची दिशा उलटविते, आणि त्याची आज्ञावली कोणालाही तपासता येते. सार्वजनिक पैशाने होणारी मोजणी खुल्या स्वरूपातच साठविली पाहिजे, अशी मागणी पक्षाने उघडपणे करावी.

तोपर्यंत तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. मोजणीच्या दिवशी दोन्ही लगतदार हजर ठेवावेत. मोजणीच्या ‘क’ प्रतीबरोबर हद्दीच्या बिंदूंची क्रमवार यादी लेखी मागावी. सामायिक बांधाचे वर्णन दोन्ही बाजूंनी, जाताना आणि येताना, लिहून घ्यावे, आणि निघाल्या दगडावर हिशोब परत येतो की नाही, हे भूकरमापकाकडून त्याच्या सहीनिशी मागून घ्यावे.