मावळ्यांना नावे कोणती?

हरी नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी शिकवताना तिच्यावर आधारलेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'सिंहगड' (१९३३) आम्ही वर्गाला दाखवतो. वाटूर फाट्यावर एसटी बदलून येणारी ही मुले. चित्रपटानंतर एकदा त्यांना लक्षात राहिलेल्या पात्रांची नावे लिहावयास सांगितली. तानाजी, शेलारमामा, उदयभान, कमलकुमारी, शिवाजी महाराज, आणखी एखाददुसरे. उरलेली सारी माणसे एका शब्दात मावली: 'मावळे'. पलीकडच्यांसाठीही एकच शब्द पुरला: 'मोगल'.

तास संपल्यावर, वर्गात नव्हे, बाहेर व्हरांड्यात, एका मुसलमान विद्यार्थ्याने विचारले, "सर, महाराजांच्या बाजूने आमच्यातले कोणीच नव्हते का?"

आम्ही घाईघाईने यादी दिली. पायदळाचा सरनोबत नूरबेग, आरमारातला दौलतखान. १६६० साली पन्हाळ्याचा वेढा फोडावयास नेताजी पालकरांबरोबर गेलेला सिद्दी हिलाल आणि त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडलेला त्याचा मुलगा वाहवाह. वेढा घालणारा जौहरही सिद्दीच, हेही सांगितले. मुलगा "बरं सर" म्हणून गेला. यादी खरी होती, पण उत्तर चुकले असे आम्हांस नंतर वाटत राहिले. इतर विद्यार्थ्यांना अशी यादी आम्ही कधी दिली नव्हती. त्यांना तिची गरजच पडली नव्हती. निष्ठेचा दाखला द्यावा तशी ती आम्ही याच्या हातात ठेवली. त्याने विचारले होते ते पडद्याबद्दल.

पडद्याकडे पाहू. १६७० च्या या लढाईत गड राखणारा उदयभान हा राठोड रजपूत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांना द्यावा लागला होता, तो परत घ्यायचा होता. म्हणजे धर्माधर्माची सरळ रेघ या कथेत मुळातच ओढता येत नाही. आपट्यांनी कमलकुमारीचे कथानक गुंफून संघर्षाला वेगळी धार दिली आणि चित्रपट त्याच वाटेने गेला. या वाटेवर नायक, खलनायक आणि संकटातली स्त्री एवढ्यांनाच चेहरा लागतो. बाकीच्यांनी दोर धरून चढावे आणि पडावे.

जुन्या चित्रपटाला आजची फूटपट्टी लावू नये, असे आमचे सहकारी म्हणतात. त्यात तथ्य आहे. १९३० साली शांतारामांच्याच शिवकालीन चित्रपटाला 'स्वराज्याचे तोरण' हे नाव सेन्सॉरमुळे टाकून 'उदयकाल' म्हणवून घ्यावे लागले होते. अशा काळात 'मावळे' हा एकजिनसी समूह पडद्यावर उभा करण्यालाही एक अर्थ होता; प्रेक्षकाला स्वतःला त्यात पाहता येत होते. (तो प्रेक्षक कोण, हा प्रश्न उरतोच. आमचा जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता.) पण सारा दोष साधनांच्या मर्यादेवर ढकलता येणार नाही. बाबूराव पेंटरांच्या १९२३ च्या मूक 'सिंहगड'मध्ये म्हाताऱ्या शेलारमामाची भूमिका विशी नुकतीच ओलांडलेल्या शांतारामांनी केली होती. तरुणाला वृद्ध मानण्याइतकी कल्पनाशक्ती निर्मात्यांपाशी होती आणि प्रेक्षकांपाशीही.

शाहीर तुळशीदासाचा पोवाडा तर त्याहून कितीतरी जुना. त्यात गडाच्या पायथ्याचे कोळी आहेत. वेष पालटून आलेल्या तानाजीला गडाची बित्तंबातमी त्यांच्याकडून मिळते. गड कसा आहे हे पायथ्याचा माणूस जाणतो, एवढी जाण शाहिराला होती. परंतु त्याच पोवाड्यात सिद्दी हिलाल हे नावही येते आणि ते उदयभानाच्या बाजूला, अचाट खाणारा राक्षसी योद्धा म्हणून. पन्हाळ्याला महाराजांसाठी लढलेल्या सरदाराचे नाव पोवाड्यात शत्रूला चिकटले आहे. तेव्हा विसरण्याचे सारे खापर सिनेमावर फोडणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. विस्मरणाचे काम आमच्या लाडक्या पोवाड्यातच सुरू झालेले दिसते.

आता आम्ही क्रम बदलला आहे. आधी पोवाडा, मग कादंबरी, शेवटी चित्रपट. आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाचे नाव गळाले, कोणाचे बाजू बदलून आले, याची नोंद मुलांनी ठेवायची. व्हरांड्यातला तो विद्यार्थी पुढे पदवी घेऊन गेला. त्याने तो प्रश्न भर वर्गात का विचारला नाही, हे मात्र आम्ही त्याला विचारले नाही.