रायगडाचा तह कोणाच्या कागदांतून मोजणार?

मुत्सद्देगिरीचा अभ्यास आता संगणकावर होऊ लागला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतली १९७० पासूनची भाषणे एकत्र करून, त्यांतले शब्द मोजून, कोणता देश कोणाच्या बाजूला सरकतो हे अभ्यासक ताडतात. पद्धत कामाची आहे. फक्त ती मोजते ते हाती असलेले कागद. त्याने केवढा फरक पडतो, हे रायगडाकडे पाहिले की कळते. मे १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन तहासाठी रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडला आला, तेव्हा शिवाजी महाराज पोलादपूरच्या बाजूला प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. साहेबाला थांबावे लागले. ६ जूनला राज्याभिषेक झाला, मग तहाची कलमे मंजूर झाली; फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत द्यायला मात्र महाराजांनी नकार दिला. हा तपशील आपल्याला ठाऊक आहे तो इंग्रजांनी लिहून ठेवला म्हणून. ते कागद पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये छापलेही. उलट रायगड १६८९ मध्ये मोगलांकडे गेला, १८१८ मध्ये इंग्रजी तोफांच्या माऱ्यात जळाला. तिथल्या दरबाराचे दफ्तर सलग असे उरलेले नाही. एवढ्यावर यंत्र चालवले, तर पाहुण्याचे गाऱ्हाणे हाच यजमानाचा स्वभाव ठरेल.

शिवकाळाची पत्रे मोजकीच, ती माणसाने वाचावीत, यंत्र कशाला, असे इतिहासाचे अभ्यासक म्हणतील. शिवकाळापुरते ते खरे आहे. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कोट्यवधी आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यांतून ४५ खंड काढले, तरी ती निवडच. परदरबारी राहणारे मराठ्यांचे वकील जी बातमीपत्रे पाठवत, त्यांत कोणाचे नाव कधीपासून येऊ लागले, कोणती खबर किती दिवसांनी पोचली, हे जुळवायला एका अभ्यासकाचे आयुष्य पुरणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोडीत हात न उचलता लिहितात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत; यंत्र चुकणारच. चुकेलच. म्हणून मोडीच्या जाणकारांनी तपासलेली पाने आणि यंत्राने चुकवलेल्या अक्षरांचे प्रमाण, दोन्ही निष्कर्षासोबत छापली पाहिजेत, आणि त्या जाणकारांना नुसता सत्कार नव्हे, पगार मिळाला पाहिजे. सुरुवात हैदराबादच्या निजामाकडे असलेल्या गोविंदराव काळ्यांसारख्या वकिलांच्या पत्रांपासून करता येईल. त्याच काळातल्या पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. तिथे तरी दोन्ही बाजू शेजारी ठेवून मोजता येतील.